माहीमचे सेंट मायकल चर्च: इतिहास, ठिकाण आणि बुधवारची नोव्हेना (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चर्च नेमके कुठे आहे?

मुंबईत माहीम पश्चिमेला, लेडी जमशेटजी रोड म्हणजे एल. जे. रोड जिथे माहीम कॉजवेला मिळतो त्या नाक्यावर. पिन कोड ४०००१६. बांद्र्याकडून कॉजवेवरून आलात तर खाडी ओलांडल्यावर माहीममधली पहिली मोठी खूण हीच. शेजारी सेंट मायकल हायस्कूल आहे आणि पश्चिमेला समुद्राच्या अंगाला माहीमचा किल्ला. टॅक्सीवाल्याला किंवा रिक्षावाल्याला ‘माहीम चर्च’ एवढे सांगितले तरी पुरते. मात्र रिक्षा बांद्र्याच्या बाजूलाच सोडावी लागते, कारण शहर भागात रिक्षांना परवानगी नाही. तिथून कॉजवेवरून चालत या, नाहीतर बस किंवा टॅक्सी घ्या.

रेल्वेने कसे यायचे?

उतरायचे स्टेशन माहीम. पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाड्या आणि हार्बर मार्गावरच्या गाड्या इथे थांबतात, जलद गाड्या थांबत नाहीत. विरार किंवा बोरिवलीहून जलद गाडीने निघालेली मंडळी इथेच फसतात आणि थेट दादरला पोहोचतात. त्यांनी वांद्रे स्टेशनला उतरून धीमी गाडी पकडावी. माहीमला पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडायचे, एल. जे. रोड गाठायचा आणि उत्तरेकडे, म्हणजे बांद्र्याच्या दिशेने चालायचे. दहा ते पंधरा मिनिटे लागतात. बुधवारी, म्हणजे नोव्हेनाच्या (सलग नऊ बुधवार करायच्या प्रार्थनेच्या) दिवशी, वाट विचारायची गरजच पडत नाही, हातात फुले आणि मेणबत्त्या घेतलेली माणसे त्याच दिशेने जात असतात.

मेट्रो जवळ आहे का?

आहे. भुयारी मेट्रो ३ चे शीतलादेवी मंदिर स्थानक एल. जे. रोडवरच आहे. तिथून उत्तरेकडे साधारण एक किलोमीटर सरळ चालायचे. आरे, अंधेरी किंवा बीकेसीकडून येणाऱ्यांना हे सोयीचे पडते. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र हे अंतर हिशेबात धरावे.

स्वतःच्या गाडीने येणे बरे की नाही?

बुधवारी नाही. एल. जे. रोड आणि कॉजवे हा शहर आणि पश्चिम उपनगरे जोडणारा जुना मुख्य रस्ता आहे, त्यात नोव्हेनाची गर्दी मिसळली की नाक्यावर गाड्या खोळंबतात. पार्किंगची आशा धरू नका. बाकीच्या दिवशी चालते. उपनगरातून येताना एक चूक अनेकांची होते: नकाशात पाहून सी लिंक धरतात. सी लिंक बांद्र्याला सुरू होऊन थेट वरळीला उतरतो, मध्ये माहीमला उतरायला वाट नाही. एस. व्ही. रोडवरून कॉजवेच धरा.

दादरचे पोर्तुगीज चर्च, व्हिक्टोरिया चर्च आणि हे चर्च एकच का?

तिन्ही वेगळी. पोर्तुगीज चर्च म्हणून ओळखले जाते ते दादरचे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, त्याची सध्याची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली. व्हिक्टोरिया चर्च म्हणजे माहीममधलेच अवर लेडी ऑफ व्हिक्टरी. बुधवारच्या नोव्हेनासाठी प्रसिद्ध आहे ते सेंट मायकल. जुनी कागदपत्रे शोधणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वी सेंट मायकलचा उल्लेख ‘वरचे माहीम’ असा आणि दादरच्या साल्व्हेशन चर्चचा ‘खालचे माहीम’ असा होत असे. म्हणून आजोबांच्या कागदावर नुसते ‘माहीम’ लिहिलेले असेल तर ते दादरचे चर्चही असू शकते.

चर्च कधी बांधले? ४५० वर्षांहून जुने म्हणतात ते खरे का?

स्थान जुने, इमारत नवी. आज दिसते ती वास्तू १९७३ ची आहे. त्याआधी याच ठिकाणी चर्च अनेकदा पडले, दुरुस्त झाले, पुन्हा उभे राहिले. सोळाव्या शतकातले दगडी खांब किंवा कोरीव लाकडी वेदी पाहायला मिळेल या अपेक्षेने आलात तर निराश व्हाल. तसले काही पाहायचे असेल तर वसईचा किल्ला किंवा जुने गोवे गाठावे. माहीमचे जुनेपण भिंतींत नाही. ते जागेत आहे, नोंदवह्यांत आहे आणि या जागेवरून झालेल्या भांडणांत आहे. ते समजून घेतले की ही साधी काँक्रीटची इमारतही वेगळी दिसू लागते.

स्थापनेचे साल १५३४ सांगितले जाते आणि संस्थापक म्हणून फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो यांचे नाव घेतले जाते. हे साल जरा जपून वापरावे. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली तो तह २३ डिसेंबर १५३४ चा. वर्ष संपायला आठवडा उरला असताना चर्च बांधून पुरे होणे शक्य नाही. शिवाय आंतोनियो दो पोर्तो यांचे वसई-साष्टीतले काम प्रामुख्याने १५४० च्या दशकापासून पुढचे. तेव्हा १५३४ हे माहीम पोर्तुगीजांच्या हाती आल्याचे साल समजावे, आणि चर्च त्यानंतरच्या काही वर्षांत उभे राहिले असे धरावे. एवढे केले तरी मुंबईतल्या सर्वांत जुन्या चर्चांमध्ये त्याची गणना होते, त्यात शंका नाही.

माहीमच का निवडले असेल?

कारण त्या काळी मुंबईच्या सात बेटांत माहीमचे वजन मोठे होते. बिंबराजाच्या परंपरेतली राजधानी इथली, मखदूम अली माहिमी यांचा दर्गा इथला, आणि उत्तरेकडून येणारी जलवाट राखणारी खाडीही इथलीच. पुढे सत्ता आणि व्यापार दक्षिणेला फोर्टकडे सरकला म्हणून आज माहीम मधल्या वाटेवरचे गाव वाटते.

इंग्रज आल्यावर चर्चचे काय झाले?

चर्च राहिले, पण सीमेवर आले. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडला देण्याचे ठरले आणि १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा दिला गेला. माहीम त्या करारात येते की नाही यावर पोर्तुगीजांचा आक्षेप होता, इंग्रजांनी मात्र ते लगेच ताब्यात घेतले. बांद्रा आणि साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे पुढची सत्तरेक वर्षे माहीमची खाडी ही दोन राज्यांमधली हद्द होती: अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज, आणि दोन्ही काठांवर तेच कॅथलिक लोक, तीच नाती, त्याच सोयरिकी.

बांद्र्याच्या माउलीची प्रतिमा माहीमला होती, हे खरे आहे का?

हो. १७३८-३९ मध्ये मराठ्यांची वसई मोहीम चालू असताना बांद्र्याच्या डोंगरावरचे मातेचे चर्च (माउंट मेरी) पाडले गेले. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली आणि साष्टीसह बांद्राही मराठ्यांकडे आले. त्या धामधुमीत डोंगरावरच्या मातेची प्रतिमा खाडीच्या अलीकडे, इंग्रजांच्या हद्दीतल्या सेंट मायकलमध्ये सुरक्षित ठेवली गेली. १७६१ मध्ये ती बांद्र्याला परत गेली. माहीमला बुधवारी आणि बांद्र्याला सप्टेंबरच्या जत्रेत जाणारी मुंबईकर कुटुंबे आजही या दोन ठिकाणांना जोडीने मानतात, त्यामागे इतका जुना धागा आहे.

१८५३ मध्ये बिशपना चर्चमध्ये कोंडले होते म्हणतात. प्रकरण काय होते?

हे समजायला थोडे मागे जावे लागते, आणि ते जावेच, कारण मुंबईतल्या कितीतरी कॅथलिक घराण्यांच्या नोंदी या वादामुळे विखुरल्या आहेत.

आशियातल्या चर्चवर धर्मगुरू नेमण्याचा अधिकार पोपनी पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्याला पाद्रुआदो म्हणत. मुंबईवर तो अधिकार गोव्याच्या आर्चबिशपमार्फत चाले. पुढे रोमने आपली स्वतंत्र यंत्रणा उभी केली, ती प्रोपागांडा. इंग्रजांना आपल्या बेटावर पोर्तुगालशी बांधलेले पाद्री नको होते. १७२० मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कनांना मुंबईबाहेर काढले आणि प्रोपागांडाच्या कार्मेलाईट संघाच्या धर्मगुरूंना बोलावले. १७८९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उलट फिरून अधिकार पुन्हा गोव्याकडे दिला. त्यावर ओरड झाली, तेव्हा १७९१ पासून मुंबईतली चर्चे दोघांत वाटली गेली. एकाच वस्तीत दोन बिशपांची हुकमत सुरू झाली.

माहीमला ही धग १८५३ मध्ये भडकली. प्रोपागांडाचे बिशप अनास्तासियस हार्टमन यांनी सेंट मायकल आपल्याच अधिकाराखाली राहावे म्हणून स्वतः चर्चमध्ये ठाण मांडले. पाद्रुआदोच्या बाजूच्या गटाने बाहेरून वेढा घातला आणि आत अन्न जाऊ दिले नाही. दोन आठवडे हा प्रकार चालला, शेवटी सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले. रोम आणि पोर्तुगाल यांच्या १८८६ च्या करारानंतरही पाद्रुआदोची चर्चे दमण धर्मप्रांताखाली वेगळीच राहिली. दुहेरी कारभार पूर्ण संपला तो १९२८ मध्ये, मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये (आर्चबिशपांच्या धर्मप्रांतात) सगळे एकत्र आल्यावर.

कॉजवे होण्याआधी लोक बांद्र्याहून कसे येत?

होडीने. पावसाळ्यात ते जिवावरचे काम होते. कंपनी सरकार पुलाचा खर्च करीना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये कॉजवे पुरा झाला. चर्चपुढच्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे. बुधवारी उपनगरांतून जी माणसे इथे लोटतात त्यांच्या वाटेची सोय एका पारशी बाईने करून ठेवली आहे, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

बुधवारची नोव्हेना केव्हा आणि कशी सुरू झाली?

८ सप्टेंबर १९४८ रोजी. तो दिवस बुधवारच होता आणि पवित्र मरीयेच्या जन्माचा सणही. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या धर्मगुरूंच्या चर्चमध्ये निरंतर साहाय्य मातेची (मरीयेच्या एका रूपाची) साप्ताहिक नोव्हेना पाहिली होती. परतल्यावर त्यांनी ती माहीमला सुरू केली. म्हणजे चर्च मायकल देवदूताच्या नावाचे, पण बुधवारची भक्ती मातेची. नवख्यांचा हा गोंधळ नेहमी होतो. चर्चचा सण २९ सप्टेंबरला असतो, निरंतर साहाय्य मातेचा २७ जूनला.

चर्चमधल्या निरंतर साहाय्य मातेच्या चित्रात काय दाखवले आहे?

इथे आहे ती प्रतिकृती. मूळ चित्र लाकडी फळीवरचे, बायझंटाईन शैलीचे. ते रोमला सेंट अल्फोन्सस चर्चमध्ये आहे. १८६६ मध्ये पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टोरिस्टांकडे सोपवले. माता बाळ येशूला घेऊन आहे, पण ती पाहते आपल्याकडे. वर दोन्ही बाजूंना दोन देवदूत आहेत. आपल्या डाव्या हाताला मायकल, त्याच्याकडे भाला आणि स्पंज लावलेली काठी. उजव्या हाताला गॅब्रिएल, त्याच्याकडे क्रूस आणि खिळे. ही सगळी येशूच्या दुःखसहनाची साधने. ती पाहून बाळ दचकले आहे, दोन्ही हातांनी आईचा हात धरला आहे आणि एका पायातली चप्पल सुटून लोंबते आहे. गर्दीत चित्रापुढे फार तर काही क्षण मिळतात, तेव्हा ती चप्पल आणि ते धरलेले हात तेवढे नक्की पाहा. शिवाय चर्चचा आश्रयदाता मायकल या चित्रातही आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

नोव्हेना कोणत्या भाषेत होते? मराठीत आहे का?

आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत एकामागून एक नोव्हेना होतात: इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी, तमिळ. सगळ्यांत जास्त वेळा इंग्रजी. मराठीची वेळ चुकली तर दिवसभर पुन्हा मिळेलच असे नाही, म्हणून निघण्याआधी चर्चचे चालू वेळापत्रक पाहावे. सणासुदीला आणि उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) वेळा बदलतात. जुन्या पुस्तिकेवर किंवा कोणी पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका.

नऊ बुधवार सलग करावेच लागतात का? एक चुकला तर?

प्रथा नऊ सलग बुधवारांची आहे. एखादा आजारपणाने, पावसाने किंवा कामाने चुकला तर पाप लागत नाही आणि आधीची प्रार्थना वायाही जात नाही. पुढच्या बुधवारी चालू ठेवा. ज्यांना मनाला रुखरुख लागते ते पुन्हा पहिल्यापासून मोजतात, तेही चालते. नोव्हेना ही प्रार्थना आहे, देवाशी केलेला सौदा नव्हे. ‘नववा बुधवार झाला तरी काम का झाले नाही’ असे विचारणाऱ्याला इथला कुठलाही फादर हेच सांगेल.

ख्रिस्ती नसलेल्यांनी यावे का?

जरूर यावे. बुधवारच्या गर्दीत हिंदू, मुसलमान, पारशी, शीख सगळे असतात आणि कोणी कोणाला जात-धर्म विचारत नाही. पाळायच्या गोष्टी थोड्याच. चपला काढाव्या लागत नाहीत. डोके झाकण्याचे बंधन नाही, पण टोपी असेल तर पुरुषांनी काढावी. मोबाईल बंद ठेवावा. प्रार्थना चालू असताना चित्राजवळ जाण्यासाठी मधल्या वाटेने पुढे घुसू नये.

सर्वांत महत्त्वाचे परमप्रसादाबद्दल. मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) धर्मगुरू जी पांढरी भाकर देतात ती देवळातल्या प्रसादासारखी सर्वांना वाटायची नसते. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ते ख्रिस्ताचे शरीर आहे आणि स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेले, तयारी केलेले कॅथलिकच ते घेतात. रांगेबरोबर चुकून पुढे जाणे, हातात घेऊन घरच्यांसाठी रुमालात बांधणे, असे प्रकार अज्ञानातून होतात आणि फार क्लेश देतात. त्या वेळी जागेवर शांत बसावे. कोणी वाईट मानत नाही.

मेणाची घरे, हात-पाय, बाहुल्या विकतात, त्यांचे काय करायचे?

ज्या गोष्टीसाठी प्रार्थना आहे तिची मेणाची आकृती अर्पण करतात. दुखणे गुडघ्याचे असेल तर पाय, मूल हवे असेल तर बाळ, जागा हवी असेल तर घर. आकृती अर्पण करायची असते, मेणबत्ती पेटवायची असते. पेटवायची तीही नेमून दिलेल्या स्टँडवरच, आत बाकांजवळ नव्हे. गर्दीत पेटती मेणबत्ती हातात धरून फिरू नका, ओढणी आणि पदर पटकन पेटतात. स्टँड भरलेला असेल तर मेणबत्ती न पेटवता तिथल्या स्वयंसेवकांकडे द्या. आणि आकृती घेतलीच पाहिजे असे मुळीच नाही. रिकाम्या हाताने आलेल्याची प्रार्थना कमी पडत नाही.

आभाराचे पत्र कसे द्यायचे?

नोव्हेनात काही पत्रे वाचून दाखवतात, विनंतीची आणि आभाराची. पत्र छोटे लिहा, आठ-दहा ओळी पुरतात. काय मागितले होते आणि काय झाले ते साधेपणाने सांगा. पूर्ण नाव, डॉक्टरचे नाव, कंपनीचे नाव, फोन नंबर घालू नका, ते हजारो लोकांसमोर वाचले जाऊ शकते. घरी लिहून आणा, दाटीत उभ्याने लिहिलेले अक्षर कोणाला लागत नाही.

कुठल्या बुधवारी गर्दी सर्वाधिक?

राखेच्या बुधवारी, कारण उपवासकाळाची सुरुवात आणि नोव्हेना एकाच दिवशी येतात. सप्टेंबरमध्ये बांद्र्याच्या जत्रेच्या आठवड्यातला बुधवारही तसाच. वृद्धांना, लहान मुलांना आणायचे असेल तर हे दोन टाळावेत. एरवीच्या बुधवारी संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर सर्वांत जास्त दाटी होते, भर दुपारी त्या मानाने निवांत असते.

पूर्वजांचा स्नानसंस्कार इथे झाला असेल तर दाखला कसा मिळवायचा?

पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या धर्मसमुदायाच्या, कचेरीत अर्ज द्यावा. बुधवार सोडून कुठल्याही दिवशी जा. पूर्ण नाव, जन्माची तारीख किंवा निदान वर्ष, वडिलांचे नाव, आईचे माहेरच्या आडनावासह नाव आणि हवे असल्यास धर्ममातापित्यांची (संस्कारावेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्यांची) नावे, एवढे लिहून न्या. वर्ष नक्की नसेल तर पाच वर्षांचा टप्पा द्या. ‘पन्नासेक वर्षांपूर्वी’ म्हटले तर कोणी शोधू शकत नाही. नोंद जन्मतारखेने नव्हे, संस्काराच्या तारखेने लावलेली असते. मूल डिसेंबरात जन्मले आणि संस्कार जानेवारीत झाला तर नोंद पुढच्या वर्षाच्या वहीत सापडते.

जुन्या नोंदी पोर्तुगीज आणि लॅटिनमध्ये असतात. ‘पाय’ म्हणजे वडील, ‘मांय’ म्हणजे आई, ‘पाद्रिन्यु’ धर्मपिता, ‘माद्रिन्य’ धर्ममाता. लॅटिन वहीत जॉन हा योआन्नेस होतो आणि जेम्स याकोबुस. आडनावाचे स्पेलिंग एकाच घरात तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते, म्हणून उच्चाराने शोधा. इतके करूनही सापडले नाही तर वर सांगितलेला दोन बिशपांचा काळ आठवा: घर माहीमचे असले तरी कुटुंब दुसऱ्या गटाचे असेल, तर नोंद शेजारच्या चर्चमध्ये असते. दादरचे साल्व्हेशन आणि माहीमचे व्हिक्टरी इथे चौकशी करावी.

लग्नासाठी जुना दाखला चालतो का?

नाही. लग्नासाठी गेल्या सहा महिन्यांत काढलेला दाखला मागतात. मूळ नोंदीच्या समासात दृढीकरण (स्नानसंस्कारानंतरचा श्रद्धा दृढ करणारा संस्कार) आणि आधीचे लग्न यांची टीप असते, ती ताज्या दाखल्यावरच उतरते. आईच्या पेटीत जपलेला जुना कागद भावनेने मोलाचा, पण या कामाला उपयोगी नाही. लग्नाआधी किमान तीन महिने स्वतःच्या पॅरिशच्या फादरांना भेटा. लग्नपूर्व शिबिर, पुकार (लग्नाची चर्चमध्ये होणारी जाहीर घोषणा) आणि दुसऱ्या पॅरिशचे अविवाहित असल्याचे पत्र यातच वेळ जातो. जोडीदार ख्रिस्ती नसेल तर बिशपांची परवानगी लागते, तेव्हा आणखी आधी जा.

आम्ही माहीमला राहत नाही, पण बाळाचा संस्कार इथेच हवा. होईल का?

संस्कार आपापल्या पॅरिशमध्ये करावा हा नियम आहे. इथे हवाच असेल तर आपल्या पॅरिशच्या फादरांचे परवानगीपत्र आणा आणि माहीमच्या कचेरीची संमती घ्या. धर्ममाता किंवा धर्मपिता निदान १६ वर्षांचे, दृढीकरण झालेले कॅथलिक असावेत. दोघांपैकी एक असले तरी चालते. अन्य पंथाचा ख्रिस्ती मित्र कॅथलिक धर्मपित्याबरोबर साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. तारीख ठरल्याशिवाय हॉलचे आगाऊ पैसे भरू नका, परवानगीपत्राला उशीर झाला तर तारीख पुढे जाते.